घड्याळांचा हजेरीपट

यंत्राच्या आतल्या घड्याळांवर बोलणार आहे असं सांगितल्यावर माझा एक कविमित्र हसला. ‘तू आणि कॉम्प्युटर?’ म्हणाला. त्याचं हसणं बरोबर होतं. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. कविसंमेलनाचं निमंत्रण मोबाईलवर आलं, तर ते उघडून द्यायला मला अजूनही घरातलं एखादं पोर लागतं. तरीही हा विषय घेतला, कारण या घड्याळांनी एकदा आमच्या गावचं सकाळचं दूध अडवून धरलं होतं. ते का अडलं हे समजून घ्यायला बसलो आणि निघालो ते थेट विभक्ती-प्रत्ययांपाशी. म्हणजे माझ्याच अंगणात.

गोष्ट २०२२च्या ऑगस्टमधली. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी दूध संकलन केंद्र आहे. पहाटे साडेपाचला रांग लागते. किटली काट्यावर ठेवायची, काट्यावरचं वजन तारेतून शेजारच्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्यात जातं, फॅटच्या मशीनचा आकडाही तसाच जातो, डबा दर लावतो, आणि चिंचोळ्या कागदावर पावती बाहेर येते. लिटर, फॅट, दर, रक्कम. दर दहा दिवसांनी बिल. आमच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यामुळे या पावत्या आमच्या घरातही खुंटीला अडकवलेल्या असतात. ही पावती येण्यापूर्वी सचिव वहीत लिहायचे, आणि त्यांच्या पेनावर गावातल्या निम्म्या लोकांचा संशय होता. पावती आली आणि भांडणं थांबली. यंत्राला कुणी सोयरा नसतो, असं लोक म्हणू लागले.

पण नेमका आमचाच एक सोयरा त्या यंत्रात निघाला. आमच्या आपाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात एका कंपनीत हेच डबे तयार करणाऱ्या गटात आहे. डब्यात नवा प्रोग्रॅम घालायचा होता, पहिली चाचणी आमच्याच गावात ठरली. आदल्या रात्री तो माझ्याकडे जेवला, केंद्रावर जाऊन प्रोग्रॅम घालून आला, पडदा व्यवस्थित लागला, सगळं ठीक दिसलं, आणि तो झोपला.

सकाळी किटल्या काट्यावर चढल्या. काट्याच्या स्वतःच्या चौकटीत वजन बरोबर दिसत होतं. डब्याच्या पडद्यावर मात्र वजनाची जागा कोरी. भाच्यानं आपला लॅपटॉप जोडून पाहिलं, तर तारेतून आकड्यांऐवजी भलतीच चिन्हं येत होती. टिंबं, प्रश्नचिन्हं, मध्येच एखादं अक्षर. शेवटी सचिवांनी जुनी वही काढली. लिहून घ्यायला वेळ लागू लागला, वर पाऊस, आणि दुधाचा टेम्पो काही आपल्यासाठी थांबत नाही. तो गेला तेव्हा रांगेत दहा-बारा जण उरले होते. त्यांचं दूध घरी परत गेलं. ज्यांचं घेतलं गेलं, त्यांच्या हातात पावती नव्हती. एक म्हातारी मला म्हणाली, ‘मास्तर, आता दहाव्या दिवशी मी काय दाखवू?’ मी काही बोललो नाही. एका सकाळीत जुना संशय पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला होता, आणि तो आमच्या घराकडे बघत होता.

जुना प्रोग्रॅम परत घालता आला असता. पण मग नव्यातली चूक पुण्याला जाऊन शोधावी लागली असती, आणि पुण्याच्या टेबलावर काटा नव्हता. म्हणून भाचा दुपारी माझ्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला. मी चहा नेऊन दिला आणि विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘मामू, घड्याळाचा लोचा आहे.’

मला वाटलं, वेळ चुकली असेल. पण ही घड्याळं वेळ सांगत नाहीत. इंजिनिअर लोक ज्याला क्लॉक म्हणतात त्याला मराठीत मी ठोका म्हणेन. लेझीम खेळताना हलगीचा ठोका असतो ना, तसा. ठोक्याला पाऊल पडतं, ठोका थांबला की मुलं जागच्या जागी थबकतात. चिपमधला प्रत्येक भाग अशा ठोक्यावर एकेक पाऊल टाकतो. ठोका नाही तर भाग मेलेला. ठोका चुकीचा तर भाग जिवंत, पण वेड्यासारखा बरळणारा.

ठोका निघतो क्वार्ट्झच्या स्फटिकातून. आपल्या मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या अशी विचित्र का? कारण ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि निम्मं करत जाणं हे यंत्राला सगळ्यात सोपं काम. भाच्याच्या बोर्डावरचा मोठा स्फटिक सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके देतो. त्यातून कुठे गुणून वाढवायचे, कुठे भागून कमी करायचे, आणि चिपच्या कानाकोपऱ्यात पोचवायचे.

हे सगळं मला ओळखीचं वाटलं, कारण आम्ही कालव्याच्या भागातले. मुख्य कालवा, त्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या, आणि चारीच्या तोंडाशी दार. चिपमध्येही अगदी असंच आहे, आणि दाराला ते लोकही दारच म्हणतात, गेट. भाग वापरात नसेल तर गेट बंद करतात, म्हणजे बॅटरी वाचते. तुमच्या खिशातला मोबाईल दिवसभर पुरतो त्यात या दारं लावणाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

आता हे पाणी कुणाला, किती, कोणत्या चारीनं द्यायचं याची नोंद कुठे असते? लिनक्स नावाची जी प्रणाली अशा लाखो डब्यांत, मोबाईलांत, टीव्हींत चालते, तिच्यात एक यादी असते. तिचं नाव डिव्हाइस ट्री. मी तिला बोर्डाचा सातबारा म्हणतो. या बोर्डावर कोणता भाग कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला कोणते ठोके लागतात, ते कुठून येतात. ही कल्पना जुनी, १९९४च्या ओपन फर्मवेअर या मानकातली. मोबाईलच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी मात्र आधी ती वापरली नव्हती. प्रत्येक बोर्डाची माहिती मूळ प्रोग्रॅममध्येच कोंबली जायची. बोर्ड वाढले, पसारा वाढला, आणि २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या गोंधळावर जाहीरपणे राग काढला. मग वर्णन वेगळं आणि प्रोग्रॅम वेगळा अशी वाटणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २०१२मध्ये, ठोक्यांचा कारभारही एका सामाईक व्यवस्थेखाली आला. त्याआधी जो तो आपापली चारी आपल्या पद्धतीनं फोडत होता.

या सातबाऱ्यात ठोक्यांच्या दोन ओळी असतात, आणि आजचा माझा विषय या दोन ओळींपुरताच आहे. पहिल्या ओळीत ठोके कुठून घ्यायचे ते एकापुढे एक लिहितात. दुसऱ्या ओळीत त्यांची नावं, त्याच क्रमानं. पहिलं नाव पहिल्या ठोक्याचं, दुसरं दुसऱ्याचं. मग त्या भागाला चालवणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो येतो आणि म्हणतो, ‘अमुक नावाचा ठोका द्या.’ व्यवस्था नावांच्या ओळीत बोट फिरवते, ते नाव कितव्या जागी आहे बघते, आणि वरच्या ओळीत त्या जागेवरचा ठोका देते.

इथपर्यंत सोपं आहे. पण ड्रायव्हर नेहमी नाव घेतोच असं नाही. आपल्याकडे जुन्या घरांत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘अहो’ म्हटलं की पुरे. घरात ‘अहो’ एकच असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. ज्या भागाला एकच ठोका लागतो त्याचा ड्रायव्हरही असंच ‘अहो’ म्हणतो, बिननावानं मागतो. आणि बिननावानं मागितलं की यादीतला पहिला ओ देतो. असा नियमच आहे.

आता काट्याची तार ज्या भागाला जोडलेली असते तो घ्या. त्याला दोन ठोके लागतात. एक बाहेरचा: तारेवरून येणारी एकेक खूण किती वेगानं वाचायची ते ठरवणारा. दुसरा आतला: मुख्य प्रोसेसरला या भागाच्या दप्तरात लिहिता-वाचता यावं म्हणून. लिनक्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे की यादीत बाहेरचा ठोका पहिला आणि आतला दुसरा. पूर्वी एकट्या बाहेरच्या ठोक्यावर भागत असे, आता तसं करू नये, दोन्ही लिहावेत, असंही म्हटलं आहे. आणि गंमत पाहा, मागणी करणारेही दोन आहेत. आतला ठोका मागणारा नाव घेऊन मागतो. बाहेरचा मागणारा ड्रायव्हर मात्र जुन्या वळणाचा, तो नुसतं ‘अहो’ म्हणतो.

भाच्याच्या डब्याच्या जुन्या यादीत एकच ठोका होता, बाहेरचा. नव्या प्रोग्रॅमसाठी त्यानं आतलाही लिहिला, पण यादीच्या सुरुवातीला लिहिला. खाली नावंही त्याच क्रमानं लिहिली, आधी आतल्याचं, मग बाहेरच्याचं. त्याचा हिशेब असा की नाव दिलंय, आता क्रमाशी काय देणंघेणं? आतला मागणाऱ्यानं नावानं मागितला, त्याला बरोबर मिळाला. ड्रायव्हरनं ‘अहो’ म्हटलं, आणि पहिल्या जागी उभ्या असलेल्या पाहुण्यानं ओ दिली.

मग काय झालं ते भाच्यानं मला चहाच्या बशीखालच्या कागदावर गणित करून दाखवलं. काटा सेकंदाला ९,६०० खुणा पाठवतो. प्रत्येक खूण नीट टिपायला हा भाग सोळा ठोके घेतो. बाहेरचा ठोका २ कोटी ४० लाखांचा, त्याला सोळानं आणि ९,६००नं भागा, येतात १५६.२५. हा आकडा भागाच्या दप्तरात लिहायला हवा होता. पण ड्रायव्हरच्या हातात पडला आतला ठोका, १० कोटींचा. त्यानं तो प्रामाणिकपणे भागला आणि ६५१च्या आसपासचा आकडा लिहून ठेवला. प्रत्यक्षात तारेवर ठोका तोच जुना, २ कोटी ४० लाखांचा. म्हणजे ९,६००च्या वेगानं बोलणाऱ्या काट्याला हा डबा २,३०४च्या वेगानं ऐकत बसला होता. काटा चार खुणा पाठवी, तेव्हा हा एक टिपे. साडेसात किलोचं टिंब-प्रश्नचिन्ह झालं ते असं.

यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ही की यंत्रानं कुठेही तक्रार केली नाही. दोन्ही ठोके खरे होते, दोन्ही नावं खरी होती, दोन्ही जागा भरलेल्या होत्या. बोर्डाचा सातबारा बघून कुणी म्हणालं नसतं की यात खोटं काही आहे.

मी भाच्याला म्हणालो, बाबा, तू मराठीत विचार केलास आणि तुझा ड्रायव्हर इंग्रजीत वाचत होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग मी त्याला बी.ए.च्या वर्गातलं व्याकरण सांगितलं. ‘वाघ बोकडाला खातो’ म्हणा की ‘बोकडाला वाघ खातो’ म्हणा, मरतो बोकडच. कारण ‘ला’ हा प्रत्यय बोकडाच्या गळ्यात बांधलेला आहे. त्याला वाक्यात कुठेही नेऊन उभा करा, तो कर्मच राहतो. मराठी कवीला या सोयीनं केवढं मोकळं अंगण दिलंय! छंदासाठी शब्द पुढे-मागे करता येतात, अर्थ हलत नाही. इंग्रजीत अशी सोय नाही, तिथे जागा बदलली की खाणारा बदलतो. पण मराठीतही प्रत्यय काढून टाका. ‘वाघ बोकड खातो.’ आता जागा बदला: ‘बोकड वाघ खातो.’ झालं, जंगलात क्रांती! प्रत्यय गेला की आपणही निमूटपणे क्रमाच्या आसऱ्याला जातो. नावांची ओळ म्हणजे प्रत्यय. ड्रायव्हरनं प्रत्यय वाचला तर क्रम मोकळा. त्यानं वाचलाच नाही, तर तुम्ही कितीही प्रत्यय लावा, बोकड वाघाला खाणारच. (जाता जाता एक गंमत. आपल्याला क्रमातून सोडवणाऱ्या या विभक्त्यांना स्वतःला मात्र नावं क्रमाचीच आहेत: प्रथमा, द्वितीया, तृतीया.)

बिननावाच्या क्रमाचा मलाही अनुभव आहे. आपल्याकडच्या अर्जांत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. आमच्यात ‘शेख’ कुणी पुढे लावतं, कुणी मागे. माझ्या दहावीच्या दाखल्यावर ते पुढे आहे, बँकेच्या पासबुकावर मागे. एका कार्यालयानं माझ्या कवितावाचनाच्या मानधनाचा धनादेश काढला, त्यावर कॉम्प्युटरनं वडिलांना मुलगा केलं आणि मुलाला आडनाव. बँकेनं तो परत पाठवला. तीनही शब्द बरोबर होते. मी तिथल्या लिपिकाला म्हणालो, अहो, माणूस एकच आहे. तो म्हणाला, माणूस एकच असेल, पण रकाने तीन आहेत.

नाव द्यायचं तर कुणाच्या बाजूनं द्यायचं, हाही प्रश्न आहे. एकच ठोका चिपच्या मुख्य कारखान्यात एका नावानं किंवा नंबरानं ओळखला जातो, आणि तो घेणाऱ्या भागाच्या दारात दुसऱ्या. सातबाऱ्याच्या दुसऱ्या ओळीत घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. नवशिके इथे हमखास चुकतात, म्हणे. ते देणाऱ्याकडचं नाव लिहून मोकळे होतात. मग तोच भाग उद्या दुसऱ्या चिपमध्ये गेला, की तिथे त्या नावाचा कुणी नसतोच. मला हे समजायला जड गेलं नाही. मी आपाच्या मुलाचा मामू, भावाच्या मुलांचा चच्चा, गावाचा मास्तर. जो हाक मारतो त्याच्या नात्यानं नाव. भाच्यानं मला ‘चच्चा’ म्हणून हाक मारली तर मी वळून बघणार नाही. बघेन तो दुसऱ्याच कुणासाठी.

आणि एकदा दिलेलं नाव मग सुटत नाही. नेटवर्कच्या तारेचा एक भाग आहे, आज तो कितीतरी कंपन्यांच्या चिपांत सापडतो. त्याच्या मुख्य ठोक्याचं नाव यादीत ‘एसटीमॅकइथ’ असं लिहावं लागतं. यातली एसटी म्हणजे आपली लाल गाडी नव्हे, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी. ड्रायव्हर प्रथम तिथल्या इंजिनिअरांनी लिहिला, आणि त्यांनी ठोक्याला जवळजवळ ड्रायव्हरचंच नाव देऊन टाकलं. ठोका काय काम करतो ते त्या नावात कुठेच नाही. पण ते आता बदलायचं कसं? जगभर ज्या डब्यांत ते नाव लिहून झालंय, ते डबे रात्रीतून मुके होतील. शहरांत जकात उठली, नाके पाडले, तरी बसचा कंडक्टर अजून ‘जकात नाका’च ओरडतो. आणि उतरणारे बरोबर उतरतात.

जे नावाचं तेच क्रमाचं. डब्यातला सातबारा जुना राहू शकतो आणि प्रोग्रॅम नवा येऊ शकतो. दोघांची गाठ वर्षानुवर्षांनी पडली तरी ओळख पटली पाहिजे, असा या लोकांचा आग्रह आहे. म्हणून पक्का दंडक: असलेला क्रम हलवायचा नाही, नवा ठोका आला तर शेवटी लिहायचा. मी हे ऐकलं आणि मला आमच्या शाळेचा हजेरीपट आठवला. जूनमध्ये गुरुजी नावं अक्षरांच्या क्रमानं लावत. मग ऑगस्टमध्ये बदली होऊन आलेल्या कुणाचा तरी मुलगा वर्गात येई. त्याचं नाव ‘अ’वरून का असेना, गुरुजी ते शेवटच्या नावाखालीच लिहीत. मुलगा हिरमुसायचा. पण त्याला पहिला नंबर दिला असता तर अख्ख्या वर्गाचे नंबर सरकले असते, आणि चाचणीच्या वहीत एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर पडले असते. भाच्यानं ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला पहिला नंबर दिला होता. बाकी काही नाही.

हल्ली अशा याद्या तपासून देणारी साधनं निघाली आहेत. यादी नियमाच्या क्रमात नसेल तर ती सांगतात. भाच्यानं ते साधन चालवलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाला, ‘दोनच तर ओळी होत्या, मामू.’

नाव न लागल्याचा आणखी एक प्रकार त्यानं त्या दुपारी सांगितला, तो मी अजून विसरलेलो नाही. यंत्र सुरू होतं तेव्हा बरेच ठोके आधीच चालू असतात, सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमनं चालू करून ठेवलेले. मग लिनक्स येतं, एकेक ड्रायव्हर येऊन आपापला ठोका मागून घेतो. सगळे येऊन गेले की शेवटी एक फेरी निघते. ज्या ठोक्याला अजून कुणी मागितलं नाही, त्याचं दार बंद. कालव्यावर पाणी मागणीचा नमुना सात भरला नाही तर चारीचं दार उघडत नाही, तसंच. आता कधी असं होतं की पडद्यावर कंपनीचं चिन्ह झळकत असतं, पण पडद्याच्या ठोक्याची मागणी कुणी नोंदवलेलीच नसते. फेरीवाला येतो, दार लावतो, आणि चालता पडदा काळा होतो. पडद्यात दोष नसतो, ठोक्यात नसतो. तो चालू होता, कामही करत होता, फक्त त्याच्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता. असं झालं की इंजिनिअर लोक त्या फेरीवाल्याला सूचना देतात, की आज कुणाचंच दार लावू नकोस, आणि मग अर्ज न भरलेला कोण ते शोधत बसतात.

त्या दुपारी आमचं काम मात्र तेवढं लांबलं नाही. भाच्यानं दोन नावांची आणि दोन ठोक्यांची अदलाबदल केली. लिहिलेलं एकही अक्षर नवं नव्हतं. चार शब्द, फक्त जागा बदललेले. मला कवितेचा खर्डा आठवला, कधीकधी तिथेही एवढंच करायचं राहिलेलं असतं. मग त्यानं ते साधनही चालवलं, ते काही बोललं नाही. साडेचारला आम्ही दोघं छत्री घेऊन केंद्रावर गेलो.

सचिव वही उघडून तयारच बसले होते. विश्वास कशाला ठेवतील? भाच्यानं काट्यावर आधी रिकामी किटली ठेवली, मग भरलेली. डब्याच्या पडद्यावर आकडा आला. सचिवांनी काट्याच्या चौकटीत बघितलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं. पहिले वीसेक जण होईपर्यंत ते दोन्हीकडचे आकडे वहीत लिहीत राहिले, मग त्यांनी वही मिटली. सकाळची नोंद भाच्यानं रात्री बसून वहीतून डब्यात चढवली. ती म्हातारी सकाळची पावती मिळेपर्यंत जायला तयार नव्हती, तिला तिची पावती काढून दिली. ज्यांचं दूध परत गेलं होतं त्यांना द्यायला मात्र काही नव्हतं. त्यातल्या दोघांनी पुढचे काही दिवस दूध शेजारच्या गावी घातलं.

आमच्या भावाची पावती मीच घेतली. लिटर बरोबर, फॅट बरोबर, रक्कम बरोबर. नाव तेवढं नेहमीसारखं उलटं, आमच्या अब्बांचं आधी आणि भावाचं नंतर. आता आलोच आहोत तर तेही सरळ करून घे, असं मी भाच्याला म्हणालो. सचिवांनी मान वर केली. म्हणाले, ‘मास्तर, ते तसंच राहू द्या. नाव हललं तर मागची बिलं जुळायची नाहीत.’ भाचा माझ्याकडे बघून हसला, आणि आम्ही छत्री उघडली.